घशातला सांधा

आवाज बसलेला माणूस समोर येऊन बसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गुडाखू घासता का? तंबाखू आणि गुळाचा हा काळा लगदा छत्तीसगडात सकाळी दातांना लावतात. बायकाही लावतात, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. दुसरा प्रश्न कामाचा. भिलाईत पोलाद कारखान्याशी संबंध नाही असं घर शोधावंच लागतं, त्यामुळे कोक ओव्हनवर की रेल मिलमध्ये, धूर किती, गोंगाटात ओरडावं किती लागतं, हे सगळं ओघानं येतं. तिसऱ्या प्रश्नाला मात्र लोक चमकतात. गेल्या दोन-चार महिन्यांत कुठलं ऑपरेशन झालं का? पोटाचं, हाडाचं, कसलंही?

‘साहब, वो तो पेट का था,’ असं उत्तर येतं. पोटाचा आणि घशाचा काय संबंध, हा भाव चेहऱ्यावर.

संबंध असा, की पूर्ण भूल द्यायची तर बहुतेकदा श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि ती जाते स्वरयंत्राच्या दारातूनच. नंतर घसा दोन-तीन दिवस खवखवतो, आवाज जरा घोगरा होतो आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. थोड्या लोकांचा एक स्वरतंतू हलायचा थांबतो. त्यातही अगदी मोजक्यांच्या बाबतीत दोष एका लहानशा सांध्याचा असतो. वेगवेगळ्या पाहण्यांतून निघालेलं प्रमाण हजारात एक किंवा त्याहूनही कमी आहे. इतकं दुर्मीळ, की बरेच डॉक्टर पुस्तकात वाचतात आणि विसरून जातात. मीही नागपूरच्या मेडिकलला शिकत असताना हे वाचलं होतं ते परीक्षेपुरतंच.

कंठमण्यावर बोट ठेवून खाली सरकवलं की एक कडक कडं लागतं. ती क्रिकॉइड कूर्चा. पुढून अरुंद, मागून उंच. मागच्या उंच कडेवर डावी-उजवी अशा दोन छोट्या, तीन पैलूंच्या कूर्चा बसलेल्या असतात, त्यांना ॲरिटिनॉइड म्हणतात. प्रत्येकीच्या पुढच्या टोकाला स्वरतंतू चिकटलेला, बाहेरच्या टोकाला स्नायू. श्वास घेताना या कूर्चा फिरतात आणि एकमेकींपासून दूर सरकतात, बोलताना जवळ येतात. ज्यावर त्या फिरतात तो खराखुरा सांधा आहे, आवरण आणि आत वंगण असलेला, गुडघ्याला असतो तसा. म्हणून त्याला सूज येते, संधिवात होतो, आणि तो जागचा हलूही शकतो.

डावा सांधा जास्त वेळा जागचा हलतो. भूलतज्ज्ञ डोक्याशी उभा असतो, डाव्या हातात लॅरिंगोस्कोप. पातं तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत जातं, जीभ डावीकडे सारतं, आणि उजव्या हातातली नळी उजव्या बाजूनं तिरकी येते. तिरकी आलेली नळी समोर कुणाला भेटणार? डाव्या ॲरिटिनॉइडला. ती पुढे आणि आतल्या बाजूला कलंडते. मागे-बाहेर सरकण्याचा प्रकारही आहे. नळीच्या टोकाशी हवेचा फुगा असतो, तो नीट रिकामा न करता नळी ओढली तर तसं होतं असं मानतात. पण नियम म्हणून एवढंच सांगतो, की यातल्या कितीतरी पेशंटच्या कागदावर ‘नळी सहज गेली’ असंच लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नसतं.

दुर्गच्या पलीकडच्या एका गावातली मितानिन माझ्याकडे आली ती नवऱ्याला घेऊन, कारण बोलणार कोण? मितानिन म्हणजे गावातली आरोग्यसेविका. छत्तीसगडात ही योजना २००२ मध्ये सुरू झाली, देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्याही आधी. घरोघर जाऊन बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना, दारूत बुडालेल्या नवऱ्यांना चार गोष्टी ऐकवायच्या, हे तिचं काम. पित्ताशयात खडे झाले म्हणून तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं होतं. शुद्धीवर आली तीच आवाजाविना. ‘गोठियाए नइ सकंव,’ एवढं ती म्हणाली आणि त्या तीन शब्दांत श्वास संपला. पाणी पिताना ठसका लागायचा, म्हणून ती मान डावीकडे वळवून, हनुवटी खाली दाबून घोट घ्यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लागणाऱ्या ठसक्यांनीच तिला तो कोन शोधून दिला होता.

ऑपरेशन केलेल्या ठिकाणी ‘सूज आहे, गुळण्या करा’ असं सांगून घरी पाठवलं होतं. तीन आठवडे तिनं गुळण्या केल्या. ज्येष्ठमध चघळला.

‘आ’ म्हणून जमेल तितका वेळ ओढायला सांगितलं. निरोगी माणूस पंधरा सेकंद सहज ओढतो. तिचा आवाज चौथ्या सेकंदाला विझला, आणि तोही आवाज कसला, निम्मी हवाच. नाकातून स्कोप घातला. उजवा तंतू छान हलत होता, मध्यरेषा ओलांडून डावीकडे हात पसरत होता. डावा स्थिर. डाव्या बाजूची कूर्चा पुढे झुकलेली, त्यामुळे तंतूचा मागचा भाग झाकला गेलेला, आणि दोन्ही तंतू एका पातळीत नाहीत, डावा किंचित खाली.

इथे गाडी अडते. स्थिर तंतू म्हटलं की आम्हा सगळ्यांच्या तोंडी पहिलं निदान येतं ते लकव्याचं. तंतू हलवणारी नस दुखावली असली तरी चित्र जवळजवळ हेच दिसतं, आणि नळीच्या फुग्याचा दाब पडून नसही दुखावू शकते. नसेचा लकवा असेल तर थांबायचं, सहा महिने, वर्षभरसुद्धा, कारण नस पुष्कळदा आपोआप सावरते. सांधा निखळला असेल तर थांबणं म्हणजे नुकसान. निखळलेल्या सांध्यात तंतुमय ऊती भरतात, तो जागच्या जागी जखडतो. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट सॅटालॉफ यांच्या गटानं २००५ मध्ये आपला वीस वर्षांचा अनुभव मांडला, त्यात दहा आठवड्यांच्या आत सांधा बसवलेल्यांचे आवाज जास्त चांगले सुधारलेले दिसले. एका निदानाचा उपचार वाट पाहणं आणि दुसऱ्याचा घाई करणं, आणि दोन्ही निदानं स्कोपमधून सारखीच दिसतात.

काही खुणा मदतीला येतात. लकव्यात डावी कूर्चा स्वतः हलत नाही, पण उजवीनं येऊन धक्का दिला की डुगडुगते. निखळलेली धक्क्यालाही दाद देत नाही. या मितानिनची दाद देत नव्हती. स्वरयंत्राच्या स्नायूंत बारीक सुई घालून नसेचा विद्युतप्रवाह तपासता येतो आणि खरा निवाडा तोच करतो, पण ही सोय मोठ्या शहरांतही मोजक्या ठिकाणी आहे, माझ्याकडे नाही. उरला सीटी स्कॅन. पहिला रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला. मानेचे नेहमीचे काप जाड असतात, त्यातून एवढीशी कूर्चा सुटून जाते. रेडिऑलॉजिस्टला फोन करून एक मिलिमीटरचे काप मागितले, फक्त स्वरयंत्राचे. तरुण पेशंटमध्ये तेही फसवतात, कारण कूर्चेत पुरेसा चुना साठलेला नसतो आणि ती फोटोत उमटत नाही. हिच्यात उमटली. डावी कूर्चा पुढे वळलेली आणि सांध्यातली फट उजव्यापेक्षा रुंद.

मग कागद चाळताना दिसलं, की बाईला सिकलसेल आहे. छत्तीसगड आणि विदर्भ या पट्ट्यात हा आजार घरोघरी भेटतो. आपल्याकडचा प्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा बराच सौम्य, त्यामुळे अशी माणसं संसार करतात, नोकऱ्या करतात, आणि तिशीत पित्ताशयात खडे घेऊन येतात. तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून निघालेल्या रंगद्रव्याचे ते खडे. म्हणजे जे ऑपरेशन झालं ते याच आजारापायी. अशा पेशंटला भूल देताना उपास, गारठा, प्राणवायूची जराशी घसरण यांतलं काहीही पेशींना विळ्यासारखं वाकवू शकतं. पाश्चात्त्य पुस्तकांत सांधा बसवण्याची रीत म्हणजे पूर्ण भूल देऊन, ताठ लॅरिंगोस्कोप घालून, त्याच्याच टोकानं किंवा बोथट हत्यारानं कूर्चा ढकलणं. महिन्याभराच्या आत दुसरी पूर्ण भूल, आणि तीही ज्या नळीनं हे झालं तसलीच नळी पुन्हा घालून, हे माझ्या भूलतज्ज्ञ मित्राला रुचेना. मलाही नाही. चीनमधल्या डॉक्टरांनी घसा बधिर करून, पेशंटला बसवून हे काम केल्याचे बरेच अनुभव लिहिलेत. तोच रस्ता घेतला.

थिएटरचा एसी बंद. बाईला कांबळं, सलाइन, नाकाशी प्राणवायू, शेजारी भूलतज्ज्ञ सगळी तयारी ठेवून उभा. घशात लिग्नोकेनचा फवारा, मग वाकड्या सुईनं तंतूंवर थेंब थेंब. वजनाच्या हिशेबानं किती मिलिग्रॅम झालं हे नर्स मोठ्यानं सांगत होती, कारण हे औषध जास्त झालं तर झटके येतात. बाईनं स्वतःची जीभ गॉझमध्ये धरून बाहेर ओढली. तशी धरायची सवय तिला आधी दोन दिवस घरी आरशासमोर करायला सांगितली होती. सहायकाच्या हातात सत्तर अंशांची दुर्बीण, समोर स्क्रीन. माझ्या हातात स्वरयंत्राचा वाकडा चिमटा, टोकाला कापूस गुंडाळलेला आणि तो कापूस दोऱ्यानं बांधलेला, कारण सुटून श्वासनलिकेत पडला तर सगळं सोडून त्याच्यामागे लागावं लागेल.

श्वास आत घेताना कूर्चा निसर्गतः बाहेर फिरते, तेव्हाच ढकलायचं. म्हणजे लय तिची, माझी नव्हे. श्वास आत गेला की चिमट्याचं टोक कूर्चेच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि मागे, बाहेर रेटायचं. जोर फार लागत नाही, पण वाटतो त्यापेक्षा लागतो, आणि खालचं आवरण फाटेल अशी धास्ती हाताला सतत असते. रेटलं, सोडलं, ‘ई बोलो.’ काही नाही. पुस्तकांत ‘कट्’ असा आवाज किंवा हाताला झटका जाणवतो असं लिहितात. मला तो क्वचितच जाणवलाय. पुन्हा रेटलं. ‘ई’ म्हणताना स्क्रीनवर डावा तंतू जरासा थरथरून आत आला. भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे बघत होता, तो वळला, कारण त्याच्या कानावर आवाज पडला. चिरका, पण आवाज.

एका बैठकीत सगळं होत नाही. सूज येते, तिच्यासाठी स्टेरॉइड, आम्लपित्तानं घसा पोळू नये म्हणून त्याचं औषध, आणि आठवड्यानं पुन्हा तेच. मधल्या काळात आम्ही मौन पाळायला लावत नाही. सांधा बसवल्यावर तो हलता ठेवावा लागतो. कुजबुजायचं मात्र नाही, कुजबुजण्यानं तंतूंवर उलट ताण येतो. ओठ मिटून गुणगुणायचं, मग लांब स्वर, मग वाक्यं. वाक्यं म्हणून तिनं लसीकरणाचं वेळापत्रक घेतलं, ते तिला पाठ होतं. दोन महिन्यांत कामाचा आवाज आला. नवरात्रात इथे देवीची जसगीतं म्हणतात, त्यातली वरची पट्टी मात्र तिला लागत नाही आणि याची तिला खंत आहे. इथल्या माणसांची आवाजाची मापंही मोठी असतात. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंचं गनियारी भिलाईच्या जवळच, त्या स्टील प्लांटच्या नोकरीत होत्या, २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पंडवानीतला तो भीमाचा आवाज लहानपणापासून कानांवर असलेल्या बाईला ‘कामापुरता आवाज’ म्हणजे काय समाधान मिळणार!

बसून, शुद्धीवर, स्वतःची जीभ स्वतः धरून केलेला हा उद्योग पाहिला की मला मॅन्युएल गार्सिया आठवतो. हा डॉक्टर नव्हता, गाणं शिकवणारा होता. १८५४ मध्ये त्यानं दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्याचा कवडसा त्यावर पाडून, जिवंत माणसाचे, म्हणजे स्वतःचेच, स्वरतंतू हलताना पाहिले. एकूण १०१ वर्षं जगला. आम्ही विद्यार्थी असताना स्पिरिटच्या दिव्यावर आरसा कोमट करून, गालाला लावून पाहून, मग पेशंटच्या घशात धरायचो, ती विद्या त्याचीच. कॅमेरे आल्यावर नव्या मुलांचा आरशाचा सराव सुटला, आणि वाकड्या हत्यारानं उलट्या प्रतिमेत काम करणारा हातही त्याबरोबर गेला. मला हे वाईट वाटतं. त्यांना वाटत नाही.

सगळे वेळेवर येत नाहीत. रेल मिलमधून निवृत्त झालेला एक फिटर आला तो सहा महिन्यांनी. परगावी असताना रात्रीतून आतडं फुटलं, घाईत ऑपरेशन झालं, जीव वाचला. आवाजाचं कुणाला सुचणार? नंतर त्यानं काढे घेतले, वाफा घेतल्या, छातीचा फोटो काढला, एकानं क्षयाची शंका काढली. मी लकवा आणि सांधा यांतला फरक चित्र काढून समजावत होतो, तर तो मधेच म्हणाला, ‘मतलब साहब, मोटर ठीक है, बेअरिंग सीट से उतर गया है.’ याहून नेमकं मी आजवर कुणाला सांगू शकलेलो नाही, आणि आता सगळ्यांना हेच सांगतो.

त्याचा सांधा दगड झाला होता. बेशुद्ध करून हत्यारानं चाचपून पाहिला, बसवायचा प्रयत्नही केला, जागचा हलला नाही. मग दुसरा मार्ग, क्योतोच्या नोबुहिको इशिकी यांनी १९७४ मध्ये मांडलेला: कंठमण्याच्या कूर्चेला बाजूनं खिडकी पाडायची आणि तिथून सिलिकॉनचा तुकडा सरकवून स्थिर तंतूला मध्यरेषेकडे ढकलायचं. हलणारा तंतू मग त्याला येऊन टेकतो. हे जागेपणीच करतात, कारण तुकडा किती आत सरकवायचा हे कानानं ठरवायचं असतं. टेबलावर पडल्यापडल्या फिटरसाहेब आकडे मोजत होते. चौदा-पंधराच्या आसपास आवाज भरला आणि ते स्वतःच म्हणाले, ‘बस, यहीं टाइट कर दो.’

कधी कधी नळीचा काही संबंधच नसतो. भिलाईतल्या जीई रोडवर मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसलेल्या मुलीची ओढणी चाकात जाते आणि गळ्याला हिसका बसतो. तेव्हा कूर्चेबिर्चेचा विचार नंतर. आधी श्वास चालू आहे ना ते पाहायचं, गरज पडली तर गळ्याला छेद देऊन नळी बसवायची, आणि मानेचे मणके. सांधा दिसतो तो सगळं निवल्यावर.

‘गलती किसकी है?’ हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं, बहुतेकदा पेशंट खोलीबाहेर गेल्यावर. मी सांगतो, चांगल्या हातांतूनही होतं. हे मी कुणाला वाचवायला सांगत नाही, पुरावाच तसा आहे. पण मग पुढचं वाक्यही सांगावं लागतं: होणं टाळता आलं नसतं, ओळखणं मात्र आधी होऊ शकलं असतं. इथे माझी जीभ अडखळते, कारण समोरचा त्यातलं सोयीचं तेवढंच उचलतो आणि वकिलाकडे जातो. भूल देणाऱ्याला मी आधी फोन करतो. नळी कुठल्या मापाची, कितव्या प्रयत्नात गेली, काढताना पेशंट खोकला का, हे मला उपचारासाठी हवं असतं. काही जण कागद काढून तपशील देतात. काही जण ‘सगळं नॉर्मल होतं’ म्हणून फोन ठेवतात. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही ठेवला असता. ग्राहक आयोगाची नोटीस पाहिलेला माणूस वेगळाच सावध होतो. पण ही सावधगिरी आणि ‘होईल हळूहळू बरं’ हा मायेचा धीर, दोन्ही मिळून पेशंटचे तेच आठवडे खातात ज्यांत सांधा बसला असता. माझं मागणं लहान आहे. डिस्चार्जच्या कागदावर जखम कोरडी, लघवी साफ, असं लिहितोच, तिथे आवाजाची एक ओळ असावी, आणि दहाव्या दिवशी टाके काढताना पेशंटला चार वाक्यं बोलायला लावावं. आवाज तसाच असेल तर घशात दुर्बीण घालून पाहावी. गुळण्या नंतरही करता येतात.

माझा तो भूलतज्ज्ञ मित्र, मितानिनला कांबळं पांघरलं त्या दिवशी शेजारी उभा असलेला, याहून मुळातलीच शंका काढतो. तो म्हणतो, सांधा निखळतच नाही. त्याच्या हातात १९९९ चा एक शोधनिबंध असतो. जर्मनीतल्या पॉल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतांच्या स्वरयंत्रांत मुद्दाम आडवीतिडवी नळी घालून पाहिली, तरी कूर्चा जागेवरून सुटेना. सुटल्या त्या सांध्याच्या आतल्या नाजूक घड्या, आणि जिवंत माणसात तिथे रक्त साठून सांधा अडकत असावा, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे तुम्ही बसवता काय, असं तो मला चिडवतो, साठलेलं रक्त आणि चिकटलेल्या घड्या मोकळ्या करता, एवढंच. मी त्याला मितानिनचे सीटी काप दाखवतो, डावीकडची रुंद फट दाखवतो. तो म्हणतो, फट रक्तानंही रुंद होते. मग मी बसवण्याआधीचा आणि नंतरचा ‘ई’ मोबाइलवर ऐकवतो. त्यावर तो म्हणतो की आवाज आला हे कुणी नाकारलंय, का आला हे विचारतोय मी. नव्या वर्षापासून त्यानं स्वतःहून एक गोष्ट सुरू केलीय: भूल देण्याआधी प्रत्येक पेशंटकडून नाव, गाव आणि एक ते दहा आकडे म्हणवून फोनवर रेकॉर्ड करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि जुळत नसेल तर माझ्याकडे पाठवतो. चिठ्ठीवर निदान लिहीत नाही.